लॅपटॉपवरील मोबाईल ॲप आणि 'रूट'ची किल्ली

डोलवीच्या पोलाद कारखान्याभोवती जो व्यापार उभा राहिला आहे तो केवळ पोलादाचा नाही. १९९० च्या दशकात इस्पातचा कारखाना आला, डिसेंबर २०१० मध्ये तो जेएसडब्ल्यूकडे जाण्याचे ठरले, आणि या सर्व काळात त्याच्या आधाराने मालट्रकवाले, टायरवाले, वेल्डिंग-फॅब्रिकेशनची वर्कशॉप, भंगाराचे व्यापारी, हार्डवेअरची दुकाने, खानावळी आणि बेकऱ्या वडखळपासून पेणपर्यंत पोट भरीत आल्या. या छोट्या व्यापाराची वही आता मोबाईलमध्ये गेली आहे. उधारी ॲपवर, ऑर्डर व्हॉट्सॲपवर, पैसे क्यूआर कोडवर.

पण सहा इंचांच्या पडद्यावर दोनशे गिऱ्हाइकांची उधारी पाहताना डोळे दुखतात. म्हणून दुकानात एखादा जुना लॅपटॉप येतो. दुरुस्तीवाला त्यावर एक सॉफ्टवेअर टाकून देतो, ज्यामुळे मोबाईलची ॲप लॅपटॉपच्या पडद्यावर चालतात. याला इम्युलेटर म्हणतात. ब्ल्यूस्टॅक्स, एलडीप्लेयर, नॉक्स ही त्यांतली प्रचलित नावे. मूळात ती मोबाईलवरचे खेळ संगणकावर खेळता यावेत म्हणून पुढे आली, हे व्यापारी बांधवांनी ध्यानात ठेवावे. खेळणाऱ्याची गरज वेगळी आणि गल्ला सांभाळणाऱ्याची वेगळी. पुढच्या बहुतेक अडचणी या फरकातून जन्मतात.

काही दिवस सर्व ठीक चालते. मग एके दिवशी ॲप उघडताच सूचना येते की हे उपकरण 'रूटेड' आहे, सुरक्षेच्या कारणास्तव ॲप चालणार नाही. दुकानातला हुशार पोरगा म्हणतो, "चाचा, थांबा, याची युक्ती आहे." त्या युक्तीपर्यंत जाण्याआधी रूट म्हणजे काय हे समजून घेणे आम्हाला आवश्यक वाटते.

कारखान्यात ठेकेदाराचा माणूस शिरतो तो गेटपास घेऊन. ज्या खात्याचे काम, त्या खात्यापुरताच त्याला प्रवेश. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपची हीच स्थिती असते. अँड्रॉइड ही लिनक्सच्या गाभ्यावर उभी असलेली व्यवस्था असून ती प्रत्येक ॲपला वेगळा वापरकर्ता क्रमांक देते. उधारीचे ॲप बँकेच्या ॲपच्या कप्प्यात हात घालू शकत नाही, खेळाचे ॲप उधारीच्या वहीत डोकावू शकत नाही. रूट हा या व्यवस्थेतील शून्य क्रमांकाचा वापरकर्ता. त्याला गेटपास लागत नाही. सर्व खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला. हे नाव १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्स या प्रणालीच्या परंपरेतून आलेले आहे. तेथे संगणकाची देखभाल करणाऱ्या माणसाला हा अधिकार असे. दुकानाच्या लॅपटॉपवर देखभाल करणारा असा माणूस नसतो, आणि किल्ली मात्र उघड्यावर पडलेली असते.

म्हणजे बँकेचे ॲप रूट पाहून बंद पडते ते बिघडलेले म्हणून नव्हे. शेजारचे कोणतेही ॲप आपल्या कप्प्यात शिरू शकते हे त्याने ओळखलेले असते.

दोन वेगवेगळी कुलुपे

येथे एक गोंधळ नेहमी होतो. लॅपटॉपच्या विंडोजमध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटर' असतो आणि इम्युलेटरच्या आतल्या अँड्रॉइडमध्ये 'रूट' असतो. ही दोन वेगळी कुलुपे आहेत. इम्युलेटर बसविताना विंडोज परवानगी मागते ती पहिल्या कुलपाची, आणि बसविण्यापुरती ती द्यावीच लागते. तेवढ्याने आतले रूट चालू होत नाही. उलट आतले रूट बंद केले म्हणून विंडोज सुरक्षित झाले असेही नाही. दुरुस्तीवाला "सगळ्या परमिशन ऑन करून दिल्या" असे सांगतो तेव्हा कोणत्या कुलपाच्या, हे विचारले पाहिजे.

आमच्या मते दुकानातील लॅपटॉपवर दोन खाती असावीत. एक मालकाचे, ॲडमिनिस्ट्रेटरचे, ज्याचा पासवर्ड मालकापाशीच राहील. दुसरे साधे, 'स्टँडर्ड' प्रकारचे, ज्यावर रोजचे काम व्हावे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट्स या भागात दुसरे खाते उघडता येते. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यानंतर हाताखालचा पोरगा मालकाला न विचारता कोणतेही सॉफ्टवेअर सर्व यंत्रावर बसवू शकत नाही.

लॅपटॉप विंडोज १० वर असेल तर आणखी एक गोष्ट. मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. जुना लॅपटॉप घेताना किंमत ठरविण्यापूर्वी तो विंडोज ११ वर जाऊ शकतो का, हे विकणाऱ्याला विचारावे. 'विंडोज ११ मध्ये मोबाईलची ॲप आपोआप चालतात' असेही कोणी सांगेल. ती सोय २०२१ मध्ये जाहीर झाली होती खरी, पण मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०२५ पासून तिचा आधार बंद केला. त्या आशेवर जादा पैसे मोजू नयेत.

बिघाड कसा शोधावा

इम्युलेटर मुळी सुरूच होत नसेल किंवा फार रेंगाळत असेल, तर रूटचा संबंध नाही. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या पानावर सीपीयू पाहावे. तेथे 'व्हर्च्युअलायझेशन' या शब्दापुढे 'डिसेबल्ड' असेल तर ती सोय लॅपटॉपच्या बायॉसमध्ये जाऊन चालू करावी लागते. इंटेलच्या यंत्रात ती व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी या नावाने आणि एएमडीच्या यंत्रात एसव्हीएम या नावाने असते. हे करण्यात धोका नाही. धोका पुढच्या सल्ल्यात आहे. इम्युलेटर चालत नाही म्हणून विंडोजचे 'मेमरी इंटेग्रिटी' बंद करा, अँटिव्हायरस बंद करा, असे सर्रास सांगितले जाते. मेमरी इंटेग्रिटी हे यंत्राच्या गाभ्यात बनावट सॉफ्टवेअर शिरू न देणारे कवच आहे. एका ॲपसाठी ते काढणे म्हणजे खिडकीची कडी बसत नाही म्हणून भिंत पाडणे. विंडोजच्या हायपर-व्ही या सोयीबरोबर चालणारी इम्युलेटरची आवृत्ती मिळते, ती घ्यावी. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मात्र काहीही केले तरी काम संथच होईल. तेथे युक्त्या लढविण्यापेक्षा रॅम वाढविणे स्वस्त पडते.

आता रूटची तक्रार. एलडीप्लेयरमध्ये सेटिंग्जच्या 'अदर सेटिंग्ज' भागात रूट परमिशनचा खटका आहे. नॉक्समध्ये तो 'जनरल' भागात असतो. आवृत्तीप्रमाणे जागा थोडी बदलेल. तो बंद करावा, इम्युलेटर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावा. येथेच दुसरा एक खटका पाहावा, 'एडीबी' नावाचा. दुसऱ्या यंत्रावरून अँड्रॉइडला हुकूम देण्याची ती वाट आहे. ती प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी असते, दुकानदाराला तिचा काडीचा उपयोग नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'एडीबी मायनर' नावाचा किडा याच वाटेने, ५५५५ क्रमांकाच्या उघड्या दारातून, एका उपकरणातून दुसऱ्यात पसरला होता. चीन व दक्षिण कोरियातील हजारो उपकरणे मालकाच्या नकळत दुसऱ्यासाठी आभासी चलन तयार करण्याच्या कामाला जुंपली गेली. तेव्हा हा खटका बंदच असावा. 'रिमोट' जोडणीचा पर्याय दिसला तर तो तर कदापि चालू नसावा.

रूटचा खटका बंद करूनही तक्रार राहिली तर समजावे की जुन्या रूटच्या खुणा आत राहिल्या आहेत. कोणीतरी मॅजिस्क किंवा तत्सम सॉफ्टवेअर टाकलेले असेल. अशा वेळी डागडुजी करीत बसू नये. इम्युलेटरच्या आत अँड्रॉइडची नवी कोरी प्रत तयार करता येते. ब्ल्यूस्टॅक्समध्ये 'मल्टी-इन्स्टन्स मॅनेजर'मधून 'फ्रेश' प्रत घ्यावी, इतरांतही अशी सोय आहे. जुनी प्रत मग काढून टाकावी.

मात्र काढून टाकण्याआधी थांबा! उधारीची वही त्या जुन्या प्रतीतच असेल तर ती प्रतीबरोबर जाईल. हे नुकसान कोणत्याही चोराने केलेल्या नुकसानीपेक्षा मोठे ठरू शकते. टायरवाल्याचे ट्रकमालकांकडे किती बाकी आहे, फॅब्रिकेशनवाल्याला ठेकेदाराकडून किती बिल यायचे आहे, याचा दुसरा कागद अनेकदा कोठेच नसतो. म्हणून त्याच मोबाईल नंबराने ते ॲप आपल्या फोनवर उघडावे. मग पाच-सहा मोठ्या बाकीदारांची नावे घेऊन लॅपटॉपवरची रक्कम आणि फोनवरची रक्कम ताडून पाहावी. कालची शेवटची नोंद दोन्हीकडे आहे का ते पाहावे. जुळले तर वही कंपनीच्या सर्व्हरवर सुरक्षित पोचली आहे. न जुळले तर आधी ॲपमधून पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये यादी काढून घ्यावी, छापावी, आणि मगच पुढे जावे. छापील यादी दोन रुपयांची असते. तिच्यावर सही-शिक्का करून ठेवणारे जुने व्यापारी आम्हाला आजही आदर्श वाटतात.

युक्ती आणि तिची किंमत

आता त्या पोराच्या युक्तीकडे येऊ. रूट चालूच ठेवायचे, पण बँकेच्या ॲपला ते दिसू द्यायचे नाही, अशी सॉफ्टवेअर मिळतात. गेटवरच्या रखवालदाराला बनावट पास दाखविण्यासारखे हे आहे. बनावट पास करून देणारा कोण, तो कोठला, त्याने त्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी काय भरले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि त्याला आपण सर्व खोल्यांची किल्ली दिलेली असते. रूटच्या अधिकाराने चालणारे सॉफ्टवेअर आपण टंकलिखित केलेला पिन वाचू शकते, पडद्याचे चित्र घेऊ शकते आणि गिऱ्हाइकांचे नंबर उचलू शकते. गिऱ्हाइकाने आपल्यापाशी ठेवलेला नंबर व हिशेब ही अमानत आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

शिवाय धोका नेहमी बनावट सॉफ्टवेअरमधूनच येतो असे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्लोव्हाकियातील ईसेट या संगणक-सुरक्षा कंपनीने जाहीर केले की नॉक्स इम्युलेटरच्या अद्ययावत करण्याच्या व्यवस्थेतच घुसखोरी झाली होती. कंपनीकडून येणाऱ्या अपडेटच्या वाटेनेच पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर काही संगणकांत पोचले. ईसेटने पाहिलेल्या एक लाखाहून अधिक वापरकर्त्यांपैकी प्रत्यक्ष बळी फक्त पाच होते, म्हणजे नेम धरून केलेला हा हल्ला होता. पुढे कंपनीने सुरक्षेचे उपाय केल्याचेही कळविले. यावरून नॉक्स वाईट आणि बाकीचे चांगले असा अर्थ काढू नये. खेळासाठी घेतलेले साधन गल्ल्याशेजारी ठेवताना त्याच्या हाती किती अधिकार द्यायचा, हा आपला निर्णय आहे.

मालट्रकवाल्यांना आणखी एक सावधगिरी. आरटीओच्या चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एक फाइल येते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. सरकारी चलन कधीही अशा फाइलने येत नाही. इम्युलेटर असलेल्या लॅपटॉपवर अशा फाइलवर दोनदा टिचकी मारली की ते ॲप सरळ आत बसते. फोन निदान एकदा विचारतो तरी! तेव्हा एपीके फाइल पाहताच ती काढून टाकावी, कोणाही ओळखीच्या माणसाकडून आलेली असली तरी.

बँकेचे ॲप लॅपटॉपवर का नको

रूट बंद केले, नवी प्रत घेतली, तरी बँकेचे किंवा यूपीआयचे ॲप इम्युलेटरमध्ये बहुधा चालणार नाही. हे मान्य करून पुढे जावे, त्यामागे दिवस घालवू नये. कारणे दोन आहेत. अनेक बँकांची ॲप गुगलच्या 'प्ले इंटेग्रिटी' या सेवेला विचारतात की हे उपकरण अस्सल आहे का, आणि त्या उत्तराचा आधार फोनच्या चिपमध्ये बसविलेली गुप्त किल्ली असते. इम्युलेटरमध्ये ती चिपच नाही. दुसरे कारण यूपीआयचे. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत नोंदणीच्या वेळी फोनमधील सिमवरून एक संदेश जातो आणि खाते, सिम व तो फोन यांची गाठ बांधली जाते. लॅपटॉपमधल्या आभासी फोनला सिम नसते, मग गाठ बांधणार कशाची? ज्या गाठीमुळे आपले पैसे सुरक्षित आहेत तीच सोडविण्याची धडपड आपण करू नये.

लॅपटॉपवर बँकेचे काम करायचे असेल तर ब्राउझरमधून नेट बँकिंग करावे, आणि ओटीपी फोनवर यावा. क्यूआर कोडवर आलेल्या पैशांचा तपशील हवा असेल तर फोनपे, पेटीएम, भारतपे यांची व्यापाऱ्यांसाठीची पाने ब्राउझरमध्ये उघडतात. ई-वे बिलालाही ॲप लागत नाही. महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालाला एक लाख रुपयांवर ते लागते, ते संकेतस्थळावरून काढता येते आणि पासवर्डखेरीज दुसरी ओळख फोनवरून द्यावी लागते. व्हॉट्सॲप संगणकावर जोडण्याची अधिकृत सोय आहे. हिशेबाच्या ॲपमध्ये व्यापार किंवा खाताबुक यांची संगणकावर वापरण्याची स्वतःची सोय आहे. थोडक्यात, दुकानाच्या दहा कामांपैकी आठ-नऊ कामांना इम्युलेटर मुळी लागतच नाही. उरलेल्या एखाद्या ॲपसाठी, जसे एखाद्या पुरवठादाराचे फक्त मोबाईलवर चालणारे भावपत्रक, तो जरूर ठेवावा. त्यात आपले मुख्य गुगल खाते मात्र टाकू नये. त्या खात्याबरोबर फोनमधले संपर्क व साठविलेले पासवर्डही तेथे येण्याची वाट मोकळी होते. दुकानासाठी वेगळे खाते उघडावे.

पैसे गेलेच तर काय, हा प्रश्न उरतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकात तत्त्व असे घातले होते की दोष बँकेचा असेल तर, किंवा दोष मधल्या व्यवस्थेचा असून ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर, ग्राहकावर नुकसानीचा बोजा नाही. पण ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. रूट लपवून बँकेचे ॲप चालविणाऱ्याने आपण सावध होतो असे कोणत्या तोंडाने सांगावे? लोखंडाच्या एका गाडीचा नफा जेमतेम असतो. एका रात्रीत खाते रिकामे झाले तर दुसऱ्या दिवशीची गाडी भरता येत नाही. म्हणून शंका येताच, मग ती सुटीच्या दिवशी का असेना, १९३० या क्रमांकावर फोन करावा, बँकेला कळवावे आणि नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडविता येतात की नाही, हे सर्व लवकर कळविण्यावर अवलंबून असते.

ज्यांच्या लॅपटॉपवर रूट चालू असताना कामकाज झाले आहे त्यांनी प्रत बदलल्यानंतर पासवर्ड बदलावेत, पण लॅपटॉपवरून नव्हे, फोनवरून. आधी ईमेलचा, मग नेट बँकिंगचा, मग हिशेबाच्या ॲपचा पिन. फोनच्या व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी संगणक जोडलेला असेल तर तो काढावा. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखे, दुरून यंत्र चालविणारे सॉफ्टवेअर दुरुस्तीवाल्याने ठेवून दिले आहे का ते पाहावे. काम झाल्यावर त्याची गरज नसते. आणि पुढच्या वेळी लॅपटॉप दुरुस्तीला दिला की बिलावर त्याच्याकडून लिहून घ्यावे : कोणते सॉफ्टवेअर टाकले, रूट चालू की बंद, एडीबी चालू की बंद, अँटिव्हायरस काढला की ठेवला. लिहून द्यायला कां-कूं करणाऱ्याकडे यंत्र ठेवू नये.